खानदेशातील नदीकाठ आणि काळा दगड

खानदेशात तापीच्या दोन्ही तीरांवर गाळमातीचे थर खोलवर गेले आहेत. काठ उंच आणि उभे आहेत. पुराचे पाणी आधी त्यांचा पायथा खाते, मग आधार सुटलेली दरड वरच्या शेतासह पात्रात कोसळते. अशा मातीत पायाला खडक मिळत नसल्याने जुन्या काळी तापीला बांध घालणे शक्य झाले नाही. प्रकाशे येथील घाटासारख्या मोजक्या ठिकाणीच दगडाने काठ धरून ठेवला.

पांझरा नदीची गोष्ट वेगळी. तिच्या पात्रात काळ्या दगडाचे पट्टे उघडे पडलेले आहेत. त्यांच्यावरच नदीचे पाणी शेतांकडे वळवणाऱ्या फड पद्धतीचे बंधारे उभे राहिले. धुळे जिल्ह्यातील आणि शेजारच्या बागलाणातील ही पद्धत काही शतके जुनी आहे. हे बंधारे क्वचितच सरळ रेषेत असतात. खडक जिकडे वळतो, तिकडे बंधाराही वळतो. सलग खडक असेल तेथे त्यात ठराविक अंतरावर उभे दगड रोवत आणि त्यांच्या आधाराने ओबडधोबड दगड, विटांचे तुकडे व उत्तम मळलेला चुना यांचा भरीव बांध रचत. एवढ्या साध्या सामग्रीवर या बंधाऱ्यांनी शेकडो पूर अंगावर घेतले. खानदेशी कारागिरीचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रवाहाची ताकद मात्र थोडी नसते. एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकते. पांझरेकाठच्या धुळ्याने आणि गिरणाकाठच्या गावांनी 1872 च्या महापुरात ही ताकद अनुभवली.

पुढे काठाच्या उतारावर दगड बसवण्याची, म्हणजे पिचिंगची, पद्धत आली. आता तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियनही वापरतात. यासाठी कोनदार, जड दगड लागतो, कारण गोटे एकमेकांत अडकत नाहीत. दगडाखाली खडी आणि वाळूचा थर हवा. तो नसेल, तर पूर ओसरताना काठातून बाहेर पडणारे पाणी फटींमधून माती वाहून नेते आणि अस्तर आतून पोकळ होते. पायथ्याशी तर प्रवाह जिथवर तळ खोदतो, त्या पातळीखाली जाईल इतका दगड भरावा लागतो. पिचिंग बहुधा वरून नव्हे, तळातून ढासळते. म्हणून खडक न लागणाऱ्या तापीकाठी उतारावरच्या अस्तराआधी पायथ्याच्या दगडावर खर्च झाला पाहिजे.