कामना, कायदा आणि तेरेखोलची नदी

तेरेखोलची नदी बांद्यावरून वाहत येऊन पेडणे महालाची उत्तर सीमा आखते आणि केरीपाशी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण तीरावर किरणपाणी, समोर आरोंदा. दोन्ही काठांवर सारखीच बोली, सारखेच देव, रात्र जागविणारे दशावतारही तेच. आणि सोयरिकी तर या तीरावरून त्या तीरावर होतच आल्या आहेत. तथापि १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हापासून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, माणसाच्या एका अगदी खासगी गोष्टीविषयी या दोन काठांवर दोन भिन्न कायदे नांदत होते. दोन प्रौढ पुरुषांनी परस्परांच्या संमतीने, चार भिंतींच्या आत, शरीरसंबंध ठेवला तर आरोंद्यास तो जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा अपराध होता. किरणपाणीस पोर्तुगीज दंडसंग्रहात त्यासाठी अपराध म्हणून स्वतंत्र कलमच नव्हते. गंमत अशी की, नदीच्या मुखाशी उत्तर तीरावर असलेला तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतांकडून घेतला होता, म्हणून त्या काठावरही तेवढ्या भूमीपुरता कायदा पणजीचा चाले. तेव्हा नीतीची ही सीमा नदीनेही आखलेली नव्हती. ती आखली होती जुन्या लढायांनी आणि तहांनी.

श्रोतेहो, हा विषय आपल्याकडे सहसा उघडपणे बोलला जात नाही. बोलला गेला, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. समान लिंगाच्या व्यक्तीविषयीची ही ओढ मनुष्य स्वेच्छेने पत्करतो, की ती त्याच्या ठायी उपजतच असते? पत्करलेली असेल तर दोष द्यावा, उपजत असेल तर क्षमा करावी, असा आपला सरळ हिशेब. हा हिशेब खरोखर इतका सरळ आहे काय, हे आपल्याच पेडणे-डिचोलीच्या इतिहासावरून थोडेसे तपासून पाहण्याचा माझा विचार आहे.

जुन्या काबिजादींवर, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांवर, पोर्तुगीजांचा अंमल बसला तो सोळाव्या शतकात. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, स्थापन झाली. धर्मभ्रष्टतेच्या आरोपांबरोबर या संबंधांचा निवाडाही तिच्या कक्षेत येई. १६०३ च्या फिलिपीय कायदेसंग्रहात त्यासाठी जिवंत जाळण्याची आणि मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा सांगितलेली होती. पोर्तुगीज लोक त्यास ‘नेफांदु’ पाप म्हणत. नेफांदु म्हणजे ज्याचा उच्चारही करू नये असे. ज्याचे नावच घ्यावयाचे नाही, त्याची चौकशी मात्र बारकाईने करावयाची आणि कागदावर उतरवावयाची, अशी ही व्यवस्था. मध्यंतरीची काही वर्षे सोडल्यास ही सभा १८१२ पर्यंत चालू राहिली.

डिचोली आणि पेडणे पोर्तुगीज सत्तेखाली स्थिरपणे आले ते बरेच उशिरा. डिचोली व सत्तरी १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. ज्या मार्क्विसाने १७४६ मध्ये पेडण्यातील हळर्णचा किल्ला जिंकला, त्याला त्या गावावरून अलोर्न ही पदवी मिळाली, आणि लिस्बनच्या सरदारघराण्यांच्या यादीत आपल्या एका खेड्याचे नाव कायमचे जाऊन बसले. असो. या नव्या काबिजादी घेताना सरकारला एक गोष्ट कळून चुकली होती की, येथे जुन्या महालांसारखे धर्मांतराचे राज्य चालणार नाही. म्हणून येथील हिंदूंना त्यांचा धर्म व चालीरीती पाळू देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. या धोरणाचा पुढचा टप्पा म्हणजे १८८० च्या १६ डिसेंबरचा गोमंतकीय हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूमनामा. पत्नीला पंचवीस वर्षांपर्यंत अपत्य झाले नाही, किंवा तिशी उलटेपर्यंत पुत्र झाला नाही, तर काही अटींवर पतीस दुसरा विवाह करण्याची मुभा या हुकूमनाम्याने दिली. म्हणजे विवाहाच्या बाबतीत कायद्याला चिंता होती ती वंशाची आणि वारशाची. कोणाचे मन कोठे जडते, याची चौकशी त्यात कोठेही नाही.

आपल्या प्राचीन ग्रंथांची भूमिकाही लोक समजतात तितकी एकसुरी नाही. मनुस्मृतीत पुरुषांच्या अशा संबंधास सांगितलेले प्रायश्चित्त म्हणजे वस्त्रांसह स्नान; स्त्रियांच्या बाबतीत मात्र तीच स्मृती कठोर होते, हेही सांगितले पाहिजे. वात्स्यायनाने कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ असा शब्द योजला आहे. आज आपण ज्याला समलिंगी कल म्हणतो त्याचा आणि या शब्दाचा अर्थ एकच, असे मी म्हणणार नाही. परंतु या गोष्टीला नाव देताना त्याने ‘प्रकृति’ हा शब्द वापरावा, आणि पुढे भारतीय दंडसंहितेने ती ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ठरवावी, हा विरोध विचार करण्यासारखा आहे.

आता १८५२ साली पोर्तुगालमध्ये काय घडले ते पाहू. त्या वर्षीच्या नव्या दंडसंग्रहातून हा अपराध वगळण्यात आला. फ्रान्सने तो १७९१ मध्येच वगळला होता, आणि त्या विचारांचा प्रभाव लिस्बनच्या कायदेपंडितांवर होता. पाप ही धर्मगुरूंची बाब. राज्याने शिक्षा करावी ती दुसऱ्याला इजा झाली असेल तर, असा तो विचार. बळजबरी, अल्पवयीनांवरील अत्याचार, उघड्यावरील असभ्यता यांना शिक्षा राहिल्या. संमतीच्या खासगी संबंधाचे कलम गेले. १८८६ च्या दंडसंग्रहातही ते परत आले नाही. खुद्द पोर्तुगाल पुढे माघारी वळला. १९१२ मध्ये भटके व भिकारी यांच्यावरील कायद्यात त्याने अशा लोकांनाही ओढले, आणि ही गोष्ट तेथून पूर्णपणे निघावयास १९८२ साल उजाडावे लागले.

कलम नव्हते म्हणून पेडण्यात वा डिचोलीत अशा माणसांना मोकळीक होती, असे मात्र कोणी समजू नये. कायदा गप्प होता, तसे गावही गप्प होते. मुलगा वयात आला की लग्न, लग्न झाले की मूल, आणि मनात काय आहे ते मनात. कोणी म्हणेल, आमच्या दशावतारात पुरुष स्त्रीपार्टी होऊन रंगमंचावर येत आणि सारा गाव त्यांना वाखाणी. ते खरेच आहे, परंतु त्यावरून भलते अनुमान काढणे उचित नव्हे. लुगडे नेसून सीता उभी करणे ही कला होय. त्या नटाच्या अंतःकरणाविषयी ती काहीच सांगत नाही. जो समाज रंगमंचावर पुरुषाला स्त्री होऊ देतो, तो घरात त्याला स्वतःसारखे राहू देतोच असे नाही.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १८६२ पासून भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम अमलात होते. मराठीत या विषयावर प्रथम निर्भयपणे बोलले ते रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ मध्ये सुरू केलेल्या आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरे देत. या उत्तरांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांचाही समावेश होता, आणि त्यांवरून १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जे प्रश्न लोकांना खरोखर पडतात त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे अश्लील कसे ठरेल, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तो निकाल देणाऱ्या न्यायासनाची आज कोणी आठवणही काढीत नाही. कर्व्यांची आणि त्यांच्या वकिलाची मात्र निघते.

मग गोवा मुक्त झाला. १९६२ च्या विनियमाने भारतीय दंडसंहिता गोवा, दमण व दीव या प्रदेशास लागू करण्यात आली आणि तिच्याबरोबर ३७७ वे कलमही पेडण्यात व डिचोलीत आले. मुक्तीच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. एका राष्ट्राचा एक दंडकायदा असावा, हे रास्तच होते. परंतु इतिहासाचा हा विनोद नोंदविल्यावाचून राहवत नाही की, ज्या भूमीवर इंग्रजांनी कधी राज्य केले नाही तेथे इंग्रजांनी लिहिलेला अपराध पोहोचला तो स्वतंत्र भारताच्या हातून. आदल्या वर्षापर्यंत ज्याच्या नावाने कलम नव्हते असा किरणपाणीचा माणूस, स्वतः तसूभरही न बदलता, कायद्याच्या लेखी गुन्हेगार झाला.

निवडीच्या प्रश्नाकडे मी आता वळतो. या माणसाने काय निवडले होते? त्याच्या पूर्वजांच्या काळी, जुन्या काबिजादींत त्याच्यासारख्याला जाळण्याचा कायदा होता. पुढे शंभराहून अधिक वर्षे काहीच नव्हते. नंतर जन्मठेप आली. आणि २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर प्रकरणात प्रौढांच्या संमतीचा संबंध कलमातून काढून टाकला. प्रत्येक वेळी निवड केली ती कायदे करणाऱ्यांनी.

शास्त्राचे म्हणणे काय, हेही थोडक्यात सांगतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, समलिंगी कल हा रोगांच्या यादीतून काढला. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे एखादेच जनुक आढळले नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आढळला आणि बाकीचा भाग अन्य कारणांचा. यावरून कोणी म्हणू लागले की, जनुक नाही म्हणजे निवडच असली पाहिजे. हा तर्क कच्चा आहे. आपली मातृभाषा जनुकांत नसते, तरी ती आपण निवडलेलीही नसते. हा कल औषधाने वा उपदेशाने पालटल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, उलट अशा प्रयत्नांनी माणसे खचल्याचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असले ‘उपचार’ थांबविण्याचे आदेश दिले ते याच कारणाने.

एवढ्यावर थांबता आले असते. परंतु उपजतपणाच्या युक्तिवादात एक उणीव आहे आणि ती गोमंतकीयांच्या ध्यानी सर्वांत आधी यावी. अग्नीची शिक्षा असताना असे जीवन कोण मुद्दाम निवडील, असे विचारले जाते. प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्याच सत्तेच्या छळाच्या छायेत आपल्या पूर्वजांनी आपला देव सोडला नाही. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे लिंग नदीपार डिचोलीतील नार्वे येथे आणले गेले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. धर्म काही रक्तातून येत नाही. तो मनुष्य धरून ठेवतो, प्रसंगी सोडूही शकतो. त्यांनी धरून ठेवला. ‘तुम्हाला तो बदलता आला असता, म्हणून तुमचा छळ योग्य होता’, असे आपण त्यांना म्हणू काय?

म्हणून उपजत असेल तर निर्दोष आणि निवडलेले असेल तर सदोष, ही तराजूच मला मान्य नाही. ओढ उपजत असते असे शास्त्रावरून दिसते, ते मी मानतो. परंतु नीतीचा निवाडा ओढीवर होत नसतो. तो होतो वर्तनावर. स्त्रीपुरुषांच्या कामनेतही लबाडी, जबरदस्ती आणि विश्वासघात असतो, आणि तेथे आपण कामनेला नव्हे, त्या लबाडीला दोष देतो. मग येथेच वेगळा मापदंड का? खरा अनीतीचा प्रसंग पाहावयाचा असेल तर तो लग्नाच्या मांडवात पाहावा. मुलाचे मन ठाऊक असूनही, ‘लग्नानंतर सुधारेल’ म्हणून आईबाप परक्या घरची मुलगी आणतात. तिला कोणी काही सांगितलेले नसते. तो आयुष्यभर खोटे बोलतो, ती आयुष्यभर स्वतःत खोट शोधते. या फसवणुकीत निवड कोणी केली, हे विचारल्यास मुलाचे नाव फार खाली येईल.

कायद्याने आपली चूक दुरुस्त करताना नवी चूक करू नये, हेही येथेच म्हणून ठेवतो. २०१८ च्या निकालाने संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते ३७७ वे कलम कायम ठेवले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते समूळ वगळले गेले, आणि बळजबरीला बळी पडलेल्या प्रौढ पुरुषासाठी त्या जागी दुसरे कलम आले नाही.

आणि एक जुना कागद अजून शिल्लक आहे. गोव्यात विवाहाची नोंद होते ती १९१० च्या पोर्तुगीज विवाहकायद्यान्वये. विवाह हा भिन्न लिंगांच्या दोन व्यक्तींमधील करार होय, असे त्याच्या आरंभीच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या १७ ऑक्टोबरला समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न कायदेमंडळाकडे सोपविला. पोर्तुगालने आपली व्याख्या २०१० मध्येच बदलली. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या नोंदणी कचेऱ्यांत मात्र १९१० चेच वाक्य चालते.