विद्युत्‌वस्त्राचे जरतारी कूळ

अंगावरच्या कपड्यातूनच वीज खेळवून नाडीचे ठोके टिपणाऱ्या किंवा दिवे उजळणाऱ्या विद्युत्‌वस्त्रांची वंशावळ बहुधा १८८३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर विजेचे दिवे माळून नाचलेल्या नर्तिकांपासून मांडली जाते. पण त्या तारा वस्त्रावर लादलेल्या होत्या, वस्त्रात विणलेल्या नव्हत्या. खरे मूळ जरीत आहे. तारकसाने ओढलेली सोन्याचांदीची बारीक तार चपटी करून रेशमाच्या दोऱ्यावर मळसूत्री गुंडाळली की कलाबतू, म्हणजे जर, तयार होते. तिच्यात ताण रेशीम सोसते, वीज धातू वाहतो, आणि पत्ती, म्हणजे ती चपटी तार, वळशांनी बसलेली असल्याने दोरा वाकवला वा शिवला तरी ती सहसा तुटत नाही.

हाच गुण अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबच्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी हेरला. १९९७ च्या सुमारास विद्युत्‌मंडलासाठी, म्हणजे सर्किटसाठी, त्यांनी निवडलेले कापड होते जरीचे रेशमी ऑर्गंझा, आणि ते भारतात किमान शतकभर विणले जात असल्याची नोंद त्यांनीच केली आहे. या धाग्याचे साम्य त्यांनी टेलिफोनच्या तारेशी दाखवले, त्यावरून टेलिफोनच या वस्त्राचा पूर्वज ठरवता येईल. परंतु टेलिफोन १८७६ चा आणि दोऱ्यावर पत्ती गुंडाळण्याची कला त्याच्या कित्येक शतके आधीची, तेव्हा ती तार जरीचीच धाकटी पाती मानणे सयुक्तिक ठरते.

 

येवल्याच्या पैठणीचा पदर मात्र विद्युत्‌मंडल म्हणून जसाच्या तसा चालणार नाही, कारण त्यात जरीचे बाणे एकमेकांना खेटून बसतात आणि वीज एकातून दुसऱ्यात शिरते. ऑर्गंझात जर केवळ आडव्या बाण्यात, तीही सुटी, आणि उभा ताणा निव्वळ रेशमाचा, म्हणून प्रत्येक बाणा स्वतंत्र तार ठरतो. परंतु पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या तिल्लीवरून, म्हणजे छोट्या कांडीवरून, नक्षीपुरताच फिरवून परतवला जातो. त्यामुळे दोन जरपट्ट्यांमध्ये रेशमाचे अंतर राखून वीज हवी तिथेच नेणारे कापड विणण्याचे कसब येवल्याच्या मागावर आजही हाताशी आहे.