आकडा आणि कान

गेल्या पावसाळ्यात मी एक मूर्खपणा करता करता वाचलो. वडिलांच्या मागे घरात राहिलेल्या जुन्या तबकड्या ऐकण्यासाठी एखादा विलायती, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घ्यावा, असे माझ्या मनाने घेतले होते. किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. मंगळवार पेठेत रेडिओ-अॅम्प्लिफायरची दुरुस्ती करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांना सल्ला विचारला, तर त्यांनी त्या यंत्राचे माहितीपत्रक चाळले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात डिस्टॉर्शन दोन टक्के आहे. माझ्याकडच्या साध्या यंत्रात एका टक्क्याचा शंभरावा हिस्साही नाही. पैसे कशाला घालवता?"

मी म्हणालो, "गाणे टक्क्यांनी ऐकायचे असते का? कान काय म्हणतो ते महत्त्वाचे."

वाद तिथेच मिटायचा. परंतु मी पडलो इतिहास शिकवणारा. घरी येताना आठवले की, आकडा खरा की कान खरा, हे भांडण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या शेजारी सांगलीत उभे राहिले होते, आणि त्याचा निकाल दोघांनाही नीटसा कळला नव्हता.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्या काळी पेटी नाटकात, मैफलीत, घराघरात शिरली होती. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. सप्तकाचे १२०० भाग कल्पावेत, ही युक्ती अलेक्झांडर एलिस ह्या इंग्रज पंडिताची. त्या मापाने पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर पडतो, आणि खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ व्या भागावर. अंतर अवघ्या चौदा भागांचे, पण तयार कानाला ते खुपते. देवलांनी ठरवले की, आपल्या संगीताचे खरे सूर कोणते ते मोजूनच काढावे. गवयाच्या सुराशी तार जुळवायची, तारेची लांबी मोजायची आणि लांबीवरून कंपनांचे प्रमाण काढायचे, अशी त्यांची रीत होती. ह्या कामाला गळा दिला तो अब्दुल करीम खाँसाहेबांनी. १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती ह्या विषयावर देवलांचे इंग्रजी पुस्तक निघाले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सिव्हिल सर्व्हंट त्यांना येऊन मिळाले. त्यांचेही पुस्तक १९१३ मध्ये आले. मोजलेल्या सुरांवर श्रुती-पेटी तयार झाली. गळ्यातून तारेवर, तारेवरून कागदावर, कागदावरून पेटीच्या सुरांत, असा तो प्रवास होता.

१९१६ साली बडोद्याला भातखंडे ह्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींचा वाद रंगला आणि श्रुती-पेटीही परीक्षेला उभी राहिली. एकमत झाले नाही. पुढे ती पेटी मैफलीत रुळली नाही. रुळली ती चौदा भागांनी चुकणारी साधी पेटीच!

देवलांचे मोजमाप खोटे होते काय? मुळीच नव्हे. तारेची लांबी खोटे बोलत नाही. चूक होती ती प्रश्नात. प्रत्येक सुराला एकच घर आहे आणि ते घर सापडले की संगीत सापडले, असे गृहीत धरले होते. १९६३ मध्ये नझीर जयराजभाय आणि ए. डब्ल्यू. स्टोन ह्यांनी चालू काळातील कलावंतांचे सूर यंत्राने मोजले, तेव्हा दिसले की, गंधार कलावंतागणिक वेगळा पडतो आणि एकाच कलावंताच्या एकाच रागातही तो जागा बदलतो. म्हणजे मोजणी पुढे गेली तेव्हा मोजणीनेच सांगितले की, गाणे एका आकड्यात मावत नाही.

उलट, कानाचे कैवारी तरी निर्दोष होते काय? आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून पेटीला मज्जाव केला तो सुरांच्या शुद्धतेच्या नावाने. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. ह्याच काळात आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचे नाव पेटीवादनासाठी महाराष्ट्रभर आदराने घेतले जात होते. चौदा भागांचा दोष त्यांच्या पेटीतही होताच. श्रोत्यांना तो ठाऊक नव्हता असे नाही. पण टेंब्यांच्या हातातून जे उमटे ते त्या दोषाहून मोठे होते.

आता अॅम्प्लिफायरकडे येऊ. अॅम्प्लिफायर हा गवई नव्हे आणि पेटीही नव्हे. तो निरोप्या आहे. मिळालेला निरोप मोठ्या आवाजात, पण शब्द न बदलता पोचवणे एवढेच त्याचे काम. म्हणून त्याला मोजणे गवयाला मोजण्यापेक्षा कितीतरी सोपे. १९४५ साली इंग्लंडात हॅरोल्ड लीक ह्यांनी 'पॉइंट वन' नावाचा अॅम्प्लिफायर काढला; नावातच बढाई होती की, डिस्टॉर्शन ०.१ टक्का. १९४७ मध्ये विल्यमसन ह्यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात तितक्याच शुद्ध यंत्राचा आराखडा छापला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून ती यंत्रे जोडली. त्यानंतर आकड्यांची शर्यतच लागली.

मग ट्रान्झिस्टर आला, आणि एक नवल घडले. आकडे उत्तम, पण ऐकणारे म्हणू लागले की, आवाज कोरडा आणि बोचरा लागतो. त्याचे कारण समजण्यासाठी लाकूड कापणारे दोन करवती डोळ्यांसमोर आणावेत. एकाने ओढायचे, मग दुसऱ्याने. ह्या यंत्रातही अर्धी लाट एक ट्रान्झिस्टर ओढतो आणि अर्धी दुसरा. हातबदल होतो त्या क्षणी बारीकसा हिसका बसतो. करवत लांब लांब चालली असता तो जाणवत नाही; पण तोकडे हेलकावे घ्यायचे असले की हिसकाच जास्त आणि कापणे कमी. आकडा बहुधा काढलेला असे पूर्ण आवाजावर. घरात माणूस ऐकतो हळू आवाजात. शिवाय बी.बी.सी.चे डी. ई. एल. शॉर्टर ह्यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते की, सगळी विकृती सारखी टोचत नाही. मूळ सुराच्या दुपटीचा भेसळ-सूर कान पोटात घालतो. वरच्या पटींचा मात्र थोडासाही सहन करत नाही. सगळ्यांची मोळी बांधून एकच टक्केवारी सांगणे म्हणजे मुलाच्या सर्व विषयांचे गुण एकत्र करून, तो गणितात कसा आहे ते सांगण्यासारखे.

इथवर मी स्नेह्यांना ऐकवले तेव्हा माझा आवाज चढला होता. ते शांतपणे म्हणाले, "पण मास्तर, हिसका सापडला तो मोजूनच ना? आणि मोडला तोही मोजूनच." मला उत्तर सुचले नाही. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. १९७८ मध्ये इंग्लंडात क्वाड कंपनीच्या एका व्हॉल्व्हच्या व दोन ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरांची झाकून परीक्षा झाली; ऐकणाऱ्यांना त्यांत फरक ओळखता आला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर ह्यांनी पैज घेतली की, आपले स्वस्त ट्रान्झिस्टरचे यंत्र मोजून मोजून एका महागड्या अॅम्प्लिफायरसारखे करून दाखवीन. दोन्ही यंत्रांच्या आवाजांची वजाबाकी करत करत बाकी ७० डेसिबल खाली, म्हणजे मुळाच्या सुमारे तीन हजारांश उरली. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या कसलेल्या कानांना मग दोन्ही वेगळी ओळखता येईनात.

"आता तुमची परीक्षा," स्नेही म्हणाले. कुणा गिऱ्हाइकाचे एक व्हॉल्व्हचे यंत्र त्यांच्याकडे दुरुस्त होऊन पडले होते. ते आणि त्यांचे साधे यंत्र त्यांनी शेजारी मांडले. उघड्या डोळ्यांनी ऐकले तेव्हा व्हॉल्व्हची गोडी मला लख्ख जाणवली, आणि तसे मी सांगितलेही. मग त्यांनी मीटर लावून दोहोंचा आवाज तंतोतंत सारखा केला, वर चादर टाकली आणि वीस वेळा ऐकवले. मी अकरा वेळा बरोबर निघालो. नाणे उडवले असते तर दहा वेळा निघालो असतो. गोडी कुठे गेली? त्यांनी सांगितले की, आधी व्हॉल्व्हचा आवाज केसभर मोठा होता, आणि केसभर मोठा आवाज माणसाला मोठा न वाटता गोड वाटतो. बाकीची गोडी तांबूस उजेडाच्या त्या काचेच्या दिव्यांची असावी. वीस वर्षे मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवणाऱ्या माणसाला चादरीखालच्या दोन डब्यांनी धडा दिला.

तरीही एक शंका मी सोडली नाही. मिरजेचे तंबोरे घ्या. जवारीला सुताचा धागा सरकवला की तारेतून वरच्या पटींचे सूर झगझगू लागतात. १९२१ साली सी. व्ही. रामन ह्यांनी ह्या जवारीचे शास्त्र उलगडले. अॅम्प्लिफायरमध्ये ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, तसेच वरच्या पटींचे सूर इथे कारागीर मुद्दाम मिळवतो, तेही कानाने! मग एके ठिकाणी दोष तो दुसऱ्या ठिकाणी गुण कसा? विचार करता उत्तर सापडले. तंबोऱ्याची झगझग गवयाने मागितलेली असते आणि ती तंबोऱ्याच्याच तारेवर असते. अॅम्प्लिफायरची भेसळ कुणी मागितलेली नसते, आणि ती तंबोरा, तबला, गळा ह्या सर्वांवर सारखीच पडते. निरोप्याने निरोपात स्वतःची कविता घालू नये, मग ती कितीही गोड असो.

अखेर मी स्नेह्यांचे साधे यंत्र घेतले. त्यांच्याच सांगण्यावरून उरलेल्या पैशांतून बरे स्पीकर घेतले, कारण खरा फरक स्पीकरांत आणि खोलीत असतो. पहिल्या रात्री लावली ती खाँसाहेबांची भैरवी. तबकडी १९३० नंतरच्या दशकातली. खरखर भरपूर, वरचे सूर कापलेले, आकडे मांडाल तर नापास. आणि देवलांनी ज्या गळ्यापुढे तार धरली होती, तो गळा माजघरात उभा राहिला. वडिलांची आठवण आली. यंत्राने आपल्या पदरचे काही घातले नव्हते. जे आले ते तबकडीतलेच होते, एवढी खात्री आकड्याने दिली होती. डोळ्यांत पाणी का आले, ते आकड्याला विचारण्याचे काम नव्हते.