मानेवरचा गारवा

मोटारीतील वातानुकूलन सुरू असता एका झरोक्यातून हिमशीतल आणि शेजारच्या झरोक्यातून कोमट वारा येऊ लागला, की आपण तत्काळ गॅरेजची वाट धरतो. परंतु या यंत्राच्या आरंभकाळी असली विषमता ही फिर्यादीची बाब नव्हती, कारण ती त्याच्या रचनेतच मुरलेली होती.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मोटारींवर ही सोय २७४ डॉलरांस देऊ केली, तेव्हा शीतयंत्राची तजवीज मागच्या डिकीत केलेली असे आणि गार हवा मागील आसनाच्या पाठीमागून येई. परिणामी मागे विराजमान झालेल्या धन्याच्या मानेवर बर्फाळ झोत आणि पुढे स्टिअरिंग धरून बसलेल्याच्या कपाळावर घाम, अशी वाटणी होई. जेथे पगारी चालक होता तेथे ती कोणास फारशी खटकली नसावी, असा माझा तर्क आहे. यंत्राला क्लच नव्हता. इंजिन फिरे तोवर कॉम्प्रेसर फिरे, आणि त्याला विश्रांती द्यायची तर बॉनेट उघडून पट्टाच उतरवावा लागे. पुढे १९५३ च्या कॅडिलॅकमध्ये डिकीतील गारवा पारदर्शक नळ्यांवाटे छतापर्यंत चढवून पुढे आणला गेला. १९५४ साली नॅश कंपनीने मात्र सारा बंदोबस्त मोटारीच्या पुढच्या भागातच केला, आणि झरोके चालकाच्या समोर येताच कमीजास्त गारव्याचा न्यायनिवाडा त्याच्या हाती आला.

या निवाड्यातला मुख्य आरोपी बहुधा शीतक वायूची उणीव हाच असतो. कूलिंग कॉइलमध्ये शीतक द्रवरूपाने शिरतो, उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. मात्रा अपुरी असली, तर पहिल्या काही वेटोळ्यांतच द्रव संपून पुढच्या नळ्यांतून नुसते बाष्प वाहते, आणि त्या कोरड्या भागावरून आलेली हवा ज्या झरोक्याच्या वाट्याला जाते तो कोमट राहतो. फ्रिऑन या जुन्या शीतकाच्या अमदानीत ही उणीव ओळखण्यासाठी नळीवर एक भिंग बसवलेले असे. त्यात बुडबुडे दिसले की वायू कमी, इतका तो उघड पुरावा होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या रक्षणार्थ तो वायू हद्दपार झाला, आणि त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए च्या बाबतीत बुडबुड्यांची साक्ष तितकी ग्राह्य राहिली नाही. शिवाय डाव्या-उजव्या बाजूंना निरनिराळे तापमान देणाऱ्या मोटारी आल्या, आणि गार-गरम हवेचे मिश्रण ठरवणारा, इवल्याशा मोटरीवर फिरणारा फ्लॅप अर्ध्यातच अडकला, तर वायू भरपूर असूनही एका बाजूस हीटरची ऊब मिसळू लागली. गेज लावून दाब पाहिल्याखेरीज वायू भरू नये, ते याचसाठी.

आमच्या जुन्या मारुतीत मात्र दर उन्हाळ्यास निमूटपणे गॅस भरला जाई, आणि पावसाळा सरताच चालकाकडचा झरोका पुन्हा रुसे. शेवटी पुण्यातल्या एका वयस्क मिस्त्रीने गेजला हात लावण्यापूर्वी जाड आणि बारीक अशा दोन्ही नळ्या मुठीत धरून पाहिल्या, डॅशबोर्डाखालचे झाकण काढले आणि मला वाकून पाहायला सांगितले: कॉइलचा एक काठ हिमाने पांढरा, दुसरा खडखडीत कोरडा. ‘‘साहेब, गॅस खातंय कोण, ते आधी बघू,’’ एवढेच तो बोलला. इंजिन बंद करून त्याने दाढीच्या ब्रशाने प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. तिसऱ्या सांध्यावर, जणू भिंगातून हद्दपार झालेलाच, एक बुडबुडा सावकाश फुगला. त्याने तेथली रबरी रिंग बदलली, नळ्या निर्वात केल्या, वजन करून गॅस भरला, आणि चालकाकडच्या झरोक्यासमोर तळहात धरून बराच वेळ तसाच उभा राहिला.