पॅकेटला थांबावे लागते

फायबरमधून प्रकाशरूपाने आलेला डेटा राउटरच्या दारात विजेत बदलायचा, वाचायचा आणि लेसर वापरून पुन्हा प्रकाशात रूपांतरित करून पुढे धाडायचा. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे जाणकारही विचारतात. त्यांच्या मते राउटरमधली वीज ही प्रकाशाच्या वाटेतली धोंड आहे. आज ना उद्या पॅकेट या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाशातच जाईल आणि त्याची वाटही प्रकाशच ठरवील. अभियांत्रिकीच्या वर्गांत आणि तंत्रज्ञानावरच्या लेखांत हे मत सिद्धान्तासारखे मांडले जाते. मला ते मुळातच चुकीचे वाटते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. 1988 मध्ये अटलांटिकखालून टॅट-8 ही पहिली फायबर केबल सुरू झाली. तिच्यात प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करणारी यंत्रे समुद्रतळावर ठरावीक अंतराने बसवावी लागली होती. त्याच्या आदल्याच वर्षी साउदॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक दाखवला. बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हीर यांचेही त्यावरच काम चालू होते. हा प्रवर्धक अनेक तरंगलांबींचे संकेत एकाच वेळी, विजेत न बदलता बलवान करतो. 1996 मध्ये पूर्ण झालेल्या टॅट-12/13 मध्ये ती जुनी यंत्रे उरलीच नाहीत. समुद्रतळावर जे घडले ते राउटरमध्ये का घडू नये?

कारण प्रवर्धकाला काही ठरवायचे नसते. आलेला संकेत बँकेचा की व्हिडिओचा, पुण्याला जायचा की पर्थला, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. राउटरला मात्र प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचावा लागतो, नऊ लाखांहून अधिक नोंदींच्या तक्त्यात सर्वांत जास्त जुळणारी नोंद शोधावी लागते, टीटीएलचा आकडा एकाने उतरवावा लागतो, आयपीव्ही-4 असेल तर चेकसमही सुधारावा लागतो. हे सारे तर्काचे काम आहे, आणि तर्क चालायचा तर एका संकेताला दुसरा अडवता आला पाहिजे. फोटॉन एरवी एकमेकांतून निमूट निघून जातात. लांब पल्ल्याला हा त्यांचा गुण ठरतो, तर्काला तीच उणीव. स्टॅनफर्डच्या डेव्हिड मिलर यांनी 2010 मध्ये प्रकाशीय ट्रान्झिस्टरसाठी काही अटी मांडल्या: एका पायरीच्या संकेताने पुढची पायरी चालावी, एकाने निदान दोघांना चालवावे, प्रत्येक पायरीवर संकेताची पातळी पुन्हा स्वच्छ व्हावी. या सगळ्या अटी एकदम पाळणारे आणि एका चिपवर अब्जावधींनी मावणारे प्रकाशीय उपकरण आजही हाती नाही.

यावर उत्तर येते की, मग पत्ता तेवढा विजेत वाचा, मजकूर प्रकाशातच राहू द्या. हे उत्तर हुशारीचे आहे, पण ते खऱ्या अडचणीला बगल देते. एकाच दाराने बाहेर पडायची दोन पॅकेटे एकाच क्षणी आली, तर एकाला थांबावे लागते. मालगाडी सायडिंगला उभी करता येते; प्रकाशाला उभे करता येत नाही. त्याला फायबरच्या वेटोळ्यात फिरवत ठेवावे लागते, आणि वेटोळ्याची लांबी ठरेल तेवढाच वेळ तो आत राहतो, आधी हवा म्हणून काढता येत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. राउटरमध्ये 250 मिलिसेकंदांचा बफर असावा हा जुना दंडक पाळायचा म्हटले, तर 50,000 किलोमीटर फायबर लागेल, म्हणजे पृथ्वीच्या घेराहून जास्त. तेही एका दारासाठी.

हा दंडक ढिला आहे, हे मान्य. 2004 मध्ये अ‍ॅपेन्झेलर, केस्लासी आणि मॅकिओन यांनी दाखवले की, हजारो स्वतंत्र प्रवाह एकत्र येतात तेथे त्या संख्येच्या वर्गमुळाने भागलेला बफर पुरतो. 10,000 प्रवाहांना 50,000 चे 500 किलोमीटर होतात. 2006 मध्ये मॅकिओन यांचाच गट त्याहून पुढे गेला: वाहतूक समप्रमाणात सोडली आणि दुव्याची थोडी क्षमता वाया जाऊ दिली, तर दहावीस पॅकेटांचा बफरही चालेल. ही मांडणी प्रकाशीय राउटर डोळ्यांसमोर ठेवूनच झाली होती. पण 10 गिगाबिटच्या दुव्यावर 1500 बाइटचे एक पॅकेट फायबरमध्ये 240 मीटर पसरते. वीस पॅकेटांना दर दाराला जवळपास 5 किलोमीटर फायबर हवे. विजेच्या मेमरीत तीच वीस पॅकेटे 30 किलोबाइटांत बसतात आणि वाटेल त्या क्षणी बाहेर काढता येतात.

मग प्रकाशालाच संथ करू, असेही म्हटले गेले. 1999 मध्ये लेना हाऊ यांनी अतिथंड सोडियमच्या ढगात प्रकाश सेकंदाला 17 मीटरवर आणला. प्रयोग थोरच. पण मेलबर्नचे रॉड टकर, कू आणि चांग-हास्नेन यांनी 2005 मध्ये संथ प्रकाशाच्या बफरचा हिशेब मांडला: वेग जितका उतरवाल, तितकी माध्यमातून जाऊ शकणारी वारंवारतांची पट्टी अरुंद होते, आणि एक बिट साधारण एका तरंगलांबीहून लहान जागेत कोंबता येत नाही. अशी मर्यादा कारागिरीने हटत नाही.

आता पैशाचे. 2000 साली नॉर्टेलने सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवणारी झ्रॉस ही कंपनी 3.25 अब्ज डॉलरच्या समभागांना घेतली. त्या काळी संपूर्ण प्रकाशीय इंटरनेटचे स्वप्न जोरात होते. बाजार कोसळला आणि ते आरसे मागे पडले. आरसे वाईट नव्हते. 2022 मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरमधल्या अशाच आरशांच्या, 136 दारांच्या स्विचची माहिती प्रसिद्ध केली. ते पॅकेट वाचत नाहीत; कोणते फायबर कोणाला जोडायचे एवढेच ठरवतात, आणि एकदा जोडले की तसेच ठेवतात. तरंगलांबीच्या पातळीवरही हेच चालते. मुंबईहून हैदराबादला जायची तरंगलांबी पुण्यात न उघडता पुढे सोडता येते, कारण तो निर्णय एकदा घेऊन कित्येक महिने टिकतो. इतक्या संथ निर्णयाला प्रकाश उत्तम. नॅनोसेकंदांत बदलणारा निर्णय मात्र ट्रान्झिस्टरकडेच राहतो.

पूर्वपक्षाला सर्वांत जड जावी अशी घडामोड फायबरच्या टोकाला झाली. गेल्या दीड दशकातले कोहेरंट रिसीव्हर येणाऱ्या प्रकाशाचा विस्तार आणि कला दोन्ही मोजतात. वाटेत पसरट झालेला संकेत चिप गणिताने सरळ करते. त्यासाठी पूर्वी मार्गावर ठेवावी लागणारी खास फायबरची रिळे नव्या मार्गांवर गरजेची राहिली नाहीत. 2020 च्या 400 झेडआर करारानंतर हे सगळे राउटरमध्येच खोचायच्या बोटाएवढ्या मॉड्यूलमध्ये आले. म्हणजे एका तरंगलांबीवर 400 गिगाबिट धावतात ते चिपच्या जोरावर. विजेला धोंड म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब द्यायला हवा.

ऊर्जेचा आक्षेप मी हलका मानत नाही. राउटर खरोखरच वीज खातात. पण त्यातली मोठी नासाडी चिपपासून मॉड्यूलपर्यंतच्या तांब्याच्या काही इंचांत होते, कारण इतक्या वेगाचा संकेत तांब्यात फार लवकर मरतो. म्हणून आज प्रकाशाची उपकरणे थेट स्विच-चिपच्या शेजारी, एकाच पॅकेजमध्ये बसवण्याचे काम चालू आहे. त्यात तांबे मिलिमीटरांवर येते. पत्ता वाचणे आणि पॅकेट थांबवणे त्या रचनेतही सिलिकॉनकडेच आहे.