परत येणारी गाठ

जांघेतला अंतर्गळ, म्हणजे रोजच्या बोलण्यातला हर्निया, हा पोटाच्या भिंतीतला दोष आहे. मुलगा गर्भात असताना त्याचे वृषण पोटात तयार होतात आणि जन्माच्या आधी जांघेतल्या एका तिरक्या बोगद्यातून खाली उतरतात. त्यांच्या मागे वृषणरज्जू उरतो आणि त्याच्यासाठी भिंतीत कायमची वाट राहते. ही वाट सैल पडली किंवा तिच्या शेजारची भिंत वयाने झिजली, की पोटाच्या आतल्या अस्तराची पिशवी बाहेर डोकावते आणि त्या पिशवीत आतड्याचे वेटोळे येते. याला जुनी माणसे आंत उतरणे म्हणतात. रोगी उभा राहिला की गाठ दिसते, आडवा झाला की बहुधा आत जाते. जांघेवर बोट ठेवून डॉक्टर खोकायला सांगतात. खोकल्याबरोबर बोटाला आतून धक्का लागला की निदान झाले. पुरुषांपैकी सुमारे 27 टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी 3 टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो, आणि त्यासाठी जगभरात दरवर्षी सुमारे 2 कोटी शस्त्रक्रिया होतात. इतक्या नित्याच्या दुखण्यावर भरवशाचा उपाय सापडायला मात्र एकोणिसावे शतक संपत यावे लागले. त्या शोधात सुरीइतकाच वाटा वहीचा आहे: किती रोग्यांची गाठ परत आली, हे लिहून ठेवणाऱ्या वहीचा.

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत आणि अंत्रवृद्धी हा त्यांतला एक. ओझे उचलणे, आपल्यापेक्षा बळकट माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी तिची कारणे तिथे दिली आहेत. चिकित्सा सांगताना संहिता अंत्रवृद्धी बाजूला ठेवून उरलेल्या सहांचा विचार करते. पुरती उतरलेली आंत तिने असाध्य मानली आहे. त्या काळाच्या मानाने हे प्रामाणिक मत होते. युरोपात असा संयम फारसा पाळला गेला नाही. मध्ययुगात गावोगाव फिरणारे अंतर्गळ कापणारे लोक पिशवीबरोबर त्या बाजूचे वृषणही काढून टाकत. लिंडाऊचे कास्पर श्ट्रोमायर यांनी 1559च्या आपल्या सचित्र ग्रंथात अंतर्गळाचे दोन प्रकार वेगळे केले आणि त्यांतल्या एकात वृषण काढण्याची गरज नाही असे लिहिले.

शस्त्रक्रिया टाळणाऱ्यांसाठी पट्टा होता. कमरेभोवती चामड्याचा किंवा पोलादी पट्टा आणि जांघेवर दाबून बसणारी गादी, असा हा जामानिमा. गोदीतले हमाल, विणकर, शेतमजूर तो वर्षानुवर्षे वापरत. गरिबांना पट्टे पुरवण्यासाठी लंडनमध्ये 1807मध्ये खास संस्थाच निघाली. पट्ट्याने गाठ आत राहते, भोक बुजत नाही. आतडे भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, की पट्टा असो वा नसो, रोगी बहुधा दगावत असे. याच लंडनमध्ये 1735मध्ये सर्जन क्लॉडियस अमियांड एका 11 वर्षांच्या मुलाचा अंतर्गळ उघडत होते. पिशवीत त्यांना टाचणीने भोक पडलेले आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सापडले आणि त्यांनी ते काढले. मुलगा जगला. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया, आणि ती झाली अंतर्गळाच्या वाटेने.

1800च्या आसपास शरीररचनेचे काम झपाट्याने पुढे गेले. लंडनचे अ‍ॅस्टली कूपर, इटलीतले अंतोनिओ स्कार्पा, जर्मनीतले फ्रान्त्स हेसेलबाख यांनी जांघेतला प्रत्येक पडदा आणि स्नायुबंध चिरून पाहिला. आजचे विद्यार्थी जी नावे पाठ करतात, त्यांतली बरीच याच पिढीची. पण हे ज्ञान टेबलावर वापरायचे तर रोगी स्थिर पाहिजे आणि जखम स्वच्छ पाहिजे. भूल 1846मध्ये आली, ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत 1867मध्ये. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अंतर्गळाच्या शस्त्रक्रिया धडाक्याने सुरू झाल्या आणि अनेक सर्जनांनी 'कायमचा इलाज' सापडल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कचे विल्यम बुल यांनी 1890मध्ये हिशेब मांडला तेव्हा वर्षभरात 30 ते 40 टक्के गाठी परत आलेल्या दिसल्या, आणि चार वर्षांत जवळजवळ सगळ्याच. कायमचा इलाज म्हणजे रोगी घरी जाईपर्यंतचा इलाज, असा त्याचा अर्थ निघत होता.

एदोआर्दो बास्सिनी यांची जांघेशी ओळख पुस्तकाआधी संगिनीने करून दिली होती. 1844मध्ये पाव्हियात जन्मलेला हा तरुण डॉक्टर इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दींच्या चळवळीत शिरला आणि 1867मध्ये रोमजवळच्या व्हिला ग्लोरीच्या चकमकीत त्याच्या उजव्या जांघेत संगीन घुसली. आतड्याला भोक पडून जखमेतून विष्ठा वाहू लागली. पाव्हियाचे लुईजी पोर्ता यांच्या उपचाराने तो बरा झाला. पुढे पादुआत प्राध्यापक झालेल्या बास्सिनी यांनी जांघेचा बोगदा नुसता वरून न शिवता पुन्हा बांधायचे ठरवले. बाहेरचा स्नायुपट उघडायचा, वृषणरज्जू अलगद बाजूला उचलायचा, पिशवी मुळापाशी बांधून कापायची. मग बोगद्याचा तळ म्हणजे आतला पडदा चिरायचा आणि आतले तीन थर एकत्र घेऊन ते खालच्या जांघेच्या स्नायुबंधाला रेशमाच्या टाक्यांनी शिवायचे. वृषणरज्जू या नव्या तळावर परत ठेवायचा आणि त्यावर बाहेरचा पट शिवायचा. वाट तिरकी राहते, पण तिला आता तळ असतो.

1887मध्ये त्यांनी ही पद्धत इटालियन सर्जनांपुढे मांडली, 1889मध्ये तिच्यावर पुस्तक काढले आणि 1890मध्ये जर्मन नियतकालिकात 262 शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला. गाठ परत आलेले रोगी 3 टक्क्यांहून कमी होते. यातला आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच त्यामागची खटपट. बास्सिनी यांनी आपले रोगी साडेचार वर्षांपर्यंत धुंडाळून परत तपासले. रेल्वे आणि टपाल यांच्या भरवशावर शेतकरी-मजुरांचा असा पाठपुरावा करणे त्या काळी कोणाच्या गावी नव्हते. टाक्याची कल्पना इतरांनाही सुचत होती. बॉल्टिमोरचे विल्यम हॉल्स्टेड त्याच सुमारास तशाच पद्धतीवर पोहोचले होते. पण वही बास्सिनींची पक्की होती.

हॉल्स्टेड यांच्या विभागातून अंतर्गळाने आणखी एक देणगी दिली. परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशकाने सोलून निघत, म्हणून हॉल्स्टेड यांनी 1889-90च्या सुमारास त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे दोघांचे लग्न झाले, ती गोष्ट वेगळी. हातमोजे परिचारिकेच्या त्वचेसाठी होते. रोग्याच्या जखमेचा विचार त्यात नव्हता. हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी 1899मध्ये अंतर्गळाच्या शेकडो शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्जन हातमोजे घालू लागल्यापासून जखमा पिकण्याचे प्रमाण एकदम घटल्याचे दिसले. स्वच्छ आणि नेहमी होणारी शस्त्रक्रिया असल्यामुळे अंतर्गळ अशा मोजमापाला सोयीचा होता.

बास्सिनींची पद्धत जगभर पसरली, पण पसरताना तिचा गाभाच गळाला. विशेषतः अमेरिकेत अनेक सर्जन तळाचा पडदा न चिरताच वरवर टाके घालू लागले. वेळ वाचत होता आणि शिवण बाहेरून सारखीच दिसत होती. गाठी परत येऊ लागल्या आणि बोल बास्सिनींना लागला. त्यांचे सहायक अत्तिलिओ कातेरिना यांनी मूळ कृतीचा चित्रसंग्रह छापून चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, तोवर चुकीची आवृत्ती पाठ्यपुस्तकांत बसली होती. एखाद्या शस्त्रक्रियेचे नाव टिकते आणि कृती बदलते, तेव्हा आकडे कशाचे मोजले हे आधी विचारावे लागते. अंतर्गळाच्या संशोधनात हा घोळ बराच काळ राहिला.

टोरांटोचे एडवर्ड शोल्डिस यांनी 1945मध्ये केवळ अंतर्गळासाठी रुग्णालय काढले. त्यांची पद्धत म्हणजे तळाचा पडदा चिरून पोलादी तारेने एकावर एक चार ओळी शिवणे. मुळात ती बास्सिनींकडे परत जाणारी वाट होती. भूल जागेपुरती, आणि शस्त्रक्रिया संपली की रोगी टेबलावरून स्वतः उतरून चालत जाई. त्या काळी अशा रोग्याला आठवडे-दोन आठवडे खाटेवर खिळवून ठेवत. एकाच विकारावर रोज तीच कृती करणारे हात आणि वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी यांच्या जोरावर त्यांच्याकडे गाठ परत येण्याचे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास राहिले. इतर ठिकाणच्या सर्जनांना तेच टाके घालून तो आकडा गाठणे जमले नाही.

शिवणीचा मूळ दोष ताण हा होता. दूर असलेले दोन काठ ओढून जुळवले की टाका हळूहळू मांस कापतो. 1958मध्ये टेक्सासचे फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकच्या विणलेल्या जाळीने भोक झाकण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे पॉलिप्रोपिलीनची जाळी वापरात आणली. शरीराच्या तंतुपेशी जाळीच्या घरांतून वाढतात आणि ठिगळ भिंतीचाच भाग होते. लॉस एंजेलिसचे आयर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी 1980च्या दशकात ही जाळी नेमाने सगळ्यांना घालायला सुरुवात केली. हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा. एका टोकाला चीर, त्या चिरेतून वृषणरज्जू बाहेर. 1989मध्ये त्यांनी 1000 रोग्यांचा वृत्तान्त दिला, त्यात एकही गाठ परत आली नव्हती. कृती सोपी होती आणि नवशिक्या सर्जनालाही चांगला निकाल देत होती, म्हणून ती जगभर रुजली. 'जाळी बसवली' हे शब्द आता महाराष्ट्रातल्या खेड्यातही कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

1990नंतर दुर्बिणीने आतून जाळी लावण्याचे तंत्र आले आणि प्रश्नाला नवे वळण मिळाले. एका सर्जनची वही आता पुरेशी नव्हती. दोन पद्धतींत खरोखर फरक आहे का, हे पाहायला चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रोग्यांची वाटणी करून तुलना करणे भाग होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या 14 रुग्णालयांत झालेल्या अशा चाचणीचे निष्कर्ष 2004मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात 10.1 टक्के गाठी परत आल्या, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात 4.9 टक्के. मात्र ज्यांच्या हातून 250हून जास्त दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्या सर्जनांचे निकाल बरेच चांगले होते. दुर्बिणीपेक्षा तिच्यामागच्या हाताचा सराव बोलत होता.

त्याहून धाडसाची चाचणी 2006मध्ये आली. त्रास नसलेल्या किंवा अगदी किरकोळ त्रास असलेल्या 720 पुरुषांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना नुसते नजरेखाली ठेवले. गाठ दिसली की कापा, हा शंभर वर्षांचा नियम आतडे अडकण्याच्या भीतीवर उभा होता. प्रत्यक्षात 1000 माणसांमागे वर्षाला 2हून कमी जणांना तशी वेळ आली. 2013मध्ये त्याच गटाचा पुढचा हिशेब आला: 10 वर्षांत अंदाजे 68 टक्क्यांनी आपण होऊन शस्त्रक्रिया करून घेतली, मुख्यतः दुखणे वाढले म्हणून. थांबणे धोक्याचे नव्हते, पण बहुतेकांसाठी ते फक्त लांबणीवर टाकणे ठरले.

गाठ परत येणे कमी झाले तशी मोजपट्टीही बदलली. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने टिकणारी जांघेतली वेदना सुमारे दहातल्या एकाला होते, हे लक्षात आल्यावर जाळीवर शंका घेतल्या जाऊ लागल्या. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी 2001मध्ये जाळीविना पद्धत मांडली. बाहेरच्या स्नायुपटाचीच एक पट्टी कापायची, पण तिची टोके सोडवायची नाहीत, आणि ती बोगद्याच्या तळावर शिवायची. स्नायू आवळला की पट्टीही ताणली जाते. परके काही शरीरात राहत नाही. पोलंडमध्ये 208 रोग्यांवर ही पद्धत आणि लिख्टेनश्टाइन यांची जाळी यांची तुलना झाली. 2012मध्ये तिचा निकाल छापला गेला: तीन वर्षांत दोन्ही गटांत दोन-दोन गाठी परत आल्या. तज्ज्ञांच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तरीही बहुतेकांसाठी जाळीचीच शिफारस केली, आणि जाळी नको असेल तर शोल्डिस यांची शिवण सांगितली.

जाळीची दुसरी अडचण किमतीची. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी विकतच्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. बाजारात थानाने मिळणारे, कीटकनाशक न लावलेले प्लास्टिकचे कापड. एका थानातून कित्येक तुकडे निघत. डॉ. ब्रह्मा रेड्डी आणि इतर सहकाऱ्यांसह अनेक केंद्रांवर केलेल्या प्राथमिक चाचणीचा वृत्तान्त त्यांनी 2003मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त दिला. मच्छरदाणी म्हटल्यावर मोठ्या शहरांतल्या सर्जनांनी नाक मुरडणे साहजिक होते, आणि काही शंका रास्तही होत्या. हे प्लास्टिक जास्त तापमानाच्या वाफेत वितळते, म्हणून निर्जंतुक करताना तापमान 121 अंशांवर ठेवावे लागते.

कल्पना आफ्रिकेत पोहोचली. पूर्व युगांडात 302 पुरुषांवर स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी चिठ्ठ्यांच्या पद्धतीने चाचणी केली आणि 2016मध्ये ती 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. कोणाला कोणती जाळी बसवली, हे रोग्यांना सांगितले नव्हते. एका वर्षानंतर मच्छरदाणीच्या गटात एक गाठ परत आली होती, विकतच्या जाळीच्या गटात एकही नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, 30 टक्क्यांच्या आसपास. विकतच्या जाळीला सुमारे 125 डॉलर पडत होते, मच्छरदाणीच्या तुकड्याला सुमारे 1 डॉलर.