गाडीतील आपत्कालीन पेटी : काय ठेवावे, कुठे ठेवावे आणि कसे वापरावे

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील रस्ते रात्री बदलतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. त्यातच रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर दुचाकींची गर्दी होते. पुणे–अहिल्यानगर आणि पुणे–सोलापूर या दोन्ही महामार्गांवर अवजड वाहतूक रात्रभर चालू असते. अशा रस्त्यावर अपघात झाला, तर सर्वांत आधी तिथे पोहोचतो तो डॉक्टर नव्हे, मागून येणारा गाडीवाला. तो कदाचित तुम्हीच असाल.

मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी तिला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मधल्या वेळात रक्त थांबवणे आणि जखमीला आणखी इजा होऊ न देणे, एवढेच काम आपल्याला करायचे असते. गाडीतील पेटी त्यासाठीच असते.

तुमच्या गाडीत पेटी आहे. पण ती उघडली आहे का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या वाहनासोबत प्रथमोपचार पेटी मिळते. बहुतेक घरांत ती शोरूममधून आली तशी प्लॅस्टिकमध्ये, डिकीत स्टेपनीजवळ पडून असते. चार-पाच वर्षांनी उघडली तर चिकटपट्टी चिकटत नाही, मलमाची मुदत संपलेली असते आणि गॉजचे दोन-तीनच तुकडे निघतात. खरचटल्यावर तेवढे पुरते. मांडीला खोल जखम झाली तर पुरत नाही. म्हणून आजच पेटी बाहेर काढा आणि खालील यादीप्रमाणे भरा. जवळजवळ सर्व वस्तू कोणत्याही मेडिकल दुकानात मिळतात.

पहिला भाग : वैद्यकीय पेटी

- निर्जंतुक गॉजचे मोठे तुकडे, निदान १०, आणि दोन मोठे ड्रेसिंग पॅड
- ४ इंची आणि ६ इंची क्रेप बँडेज, प्रत्येकी दोन
- त्रिकोणी पट्ट्या दोन (सुती उपरणे किंवा ओढणीही चालते)
- कागदी चिकटपट्टी आणि लहान जखमांसाठी तयार पट्ट्या
- रबरी हातमोजे, चार जोड्या
- बोथट टोकाची मजबूत कात्री (कपडे कापण्यासाठी)
- जखम धुण्यासाठी सलाइनची छोटी बाटली, पोव्हिडोन-आयोडीन मलम
- ओआरएसची पाकिटे चार, ग्लुकोज पावडर किंवा साखर
- पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ.ची एक पट्टी
- तयार टुर्निके (हातापायाचे रक्त थांबवण्याचा पट्टा). तो कसा लावायचा हे शिकून घेतले असेल तरच ठेवा.

दुसरा भाग : रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी

- परावर्तक त्रिकोण आणि चमकणारे जाकीट
- बॅटरी (डोक्याला लावायची असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात)
- सीटबेल्ट कापायचे आणि काच फोडायचे हत्यार
- पिण्याचे पाणी, निदान ५ लिटर
- जुनी चादर किंवा शाल
- मोबाइल चार्ज करायची सोय
- कागद आणि पेन

काच फोडायचे हत्यार अनेकांना अनावश्यक वाटते. पण आपल्याकडे बरेच रस्ते कालव्याच्या कडेने जातात आणि पावसाळ्यात ओढ्यांच्या पुलांवरून पाणी वाहते. गाडी पाण्यात गेली तर दरवाजा पाण्याच्या दाबाने उघडत नाही. अशा वेळी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. समोरची काच दोन थरांची असते, ती अशी फुटत नाही. मात्र पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही, हे पहिले.

तिसरा भाग : घरातल्या रुग्णासाठी वेगळी पिशवी

घरात मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा फिट्सचा रुग्ण असेल, तर प्रवासाला निघताना त्याची वेगळी पिशवी सोबत घ्या. तिच्यात दोन दिवसांची जादा औषधे, शेवटची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा फोन नंबर असावा.

ही पिशवी कायम गाडीत ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. इन्सुलिन त्या उष्णतेत निकामी होते. दिसायला मात्र ते तसेच दिसते. जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. दम्याच्या पंपात दाब असतो, तोही उन्हात ठेवू नये. औषधे माणसासोबत उतरली पाहिजेत.

प्रत्येकाच्या पाकिटात एक कार्ड असू द्या : नाव, नातेवाइकाचा फोन, असलेले आजार, चालू औषधे, ॲलर्जी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ठळक लिहा. अपघातात डॉक्टरांना ही माहिती लगेच हवी असते.

पेटी कुठे ठेवावी?

सामानाखाली नको. मागून धडक बसली तर डिकी उघडतच नाही. वैद्यकीय पेटी पुढच्या सीटखाली किंवा सीटच्या मागे, बेल्टने बांधून ठेवा. सीटबेल्ट कापायचे हत्यार चालकाच्या हाताला लागेल असे हवे. दुचाकीच्या सीटखाली हातमोजे, गॉज, एक क्रेप बँडेज आणि त्रिकोणी पट्टी एवढे एका प्लॅस्टिक पिशवीत सहज मावते. ट्रॅक्टरवरही अशीच पिशवी ठेवा, आणि ट्रॉलीच्या मागे व बाजूंना परावर्तक पट्ट्या लावा. या पट्ट्या अपघातच टाळतात.

अपघात दिसला तर : क्रमाने काय करावे

१. *आधी स्वतःला सांभाळा.* गाडी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, जाकीट घाला. त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. महामार्गावर १०० मीटर, म्हणजे साधारण १३० पावले. रसायनाचा टँकर उलटला असेल आणि वास किंवा धूर येत असेल, तर जवळ जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर थांबा आणि कळवा.

२. *१०८ किंवा ११२ ला फोन करा.* राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबरही आहे. रस्त्याचे नाव, कोणत्या दिशेची बाजू, जवळचे गाव, किलोमीटरचा दगड, जखमी किती आणि शुद्धीवर आहेत का, हे सांगा. नुसते ‘पाटसजवळ’ म्हटले तर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूला येऊ शकते. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

३. *रक्त थांबवा.* हातमोजे घाला. जखमेवर गॉजची जाड घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबा. निदान १० मिनिटे, मध्ये उचलून न बघता. गॉज भिजले तर वर आणखी ठेवा आणि जोर वाढवा. नंतर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती काढू नका. तिच्या दोन्ही बाजूंना दाब द्या.

४. *टुर्निके शेवटचा उपाय.* हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल तरच. जखमेच्या ५ ते ८ सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, रक्त थांबेपर्यंत आवळा. वेळ कागदावर लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नका.

५. *श्वास पाहा.* माणूस हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब सुरू करा. मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दमलात तर दुसऱ्याला करू द्या, पण थांबू नका.

६. *मान हलवू नका.* आग, पाणी किंवा बंद पडलेला श्वास अशी कारणे नसतील, तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. हेल्मेटही उगाच काढू नका. मोडलेला हात किंवा पाय आहे त्या स्थितीत जाड पुठ्ठ्याच्या किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळीने आधार देऊन बांधा. अंगावर चादर घाला.

या चुका टाळा

- जखमेवर हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर किंवा माती टाकू नका. रक्त थांबत नाही, उलट जखम धुवायला वेळ जातो आणि जंतुसंसर्ग होतो.
- जखमीला पाणी, चहा पाजू नका. शुद्ध हरपली तर ते श्वासनलिकेत जाते, आणि शस्त्रक्रिया लागली तर भूल देणे अवघड होते. ओआरएस उष्माघाताच्या त्रासासाठी किंवा जुलाबासाठी आहे, अपघातातील जखमीसाठी नाही. तेही पूर्ण शुद्धीवर असलेल्यालाच द्यावे.
- रेडिएटरच्या वाफेने भाजले तर टूथपेस्ट लावू नका. २० मिनिटे साधे पाणी ओता. पेटीसोबत ५ लिटर पाणी ठेवायला सांगितले ते यासाठीही.
- ग्लानीत असलेल्या जखमीला वेदनाशामक गोळी देऊ नका.

अपघात नसेल, पण प्रवासात त्रास झाला तर

*साखर कमी झाली :* मधुमेही माणसाला घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले आणि तो गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

*छातीत दुखणे :* गाडी थांबवा, रुग्णाला बसवा, १०८ ला कळवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन चावून खायला द्यावी का, हे फोनवरील डॉक्टरांना विचारा. जिभेखालची गोळी दुसऱ्याची उसनी घेऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

*सर्पदंश :* उसाच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला उतरतानाही हा धोका असतो. आवळून बांधू नका, ब्लेडने कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, कडे, पैंजण काढा. दंश झालेला हात किंवा पाय पुठ्ठ्याने आधार देऊन स्थिर ठेवा. रुग्णाला चालू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. साप पकडायला जाऊ नका.

कुठे न्यायचे?

शिरूर आणि यवत येथे ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. डोक्याला मार, पोटात रक्तस्राव, अनेक हाडे मोडणे अशा वेळी पुण्यातील मोठ्या रुग्णालयाची गरज पडू शकते. पण शिरूरहून पुणे सुमारे ७० किलोमीटर आहे. म्हणून थेट पुण्याला निघण्यापूर्वी १०८ वर विचारा. बऱ्याचदा जवळच्या रुग्णालयात श्वास आणि रक्तदाब सावरून पुढे नेणेच सुरक्षित ठरते. रुग्णवाहिकेला फार उशीर लागत असेल आणि स्वतःच्या गाडीने नेत असाल, तर रुग्णालयाला आधी फोन करा.

‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून थांबू नका

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने (कलम १३४अ) सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. जखमीला काही झाले तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळण्याची केंद्र सरकारची योजना लागू आहे. जखमीच्या नातेवाइकांना हे सांगा. पैशाच्या काळजीने उपचार लांबू नयेत.

वर्षातून दोनदा पेटी तपासा

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि ऊस हंगामापूर्वी एकदा पेटी उघडा. मुदत संपलेले बदला, बॅटरीचे सेल पाहा, वापरलेले भरून ठेवा. पॅरासिटामॉल आणि मलम उन्हाळ्यानंतर बदललेले बरे.

तपासताना एकटे बसू नका. घरातल्या सर्वांना, शाळकरी मुलांनाही, जवळ बसवा. पेटी कुठे आहे ते दाखवा आणि क्रेप बँडेज एकमेकांच्या हाताला बांधून पाहा. कारण अपघाताच्या वेळी गाडी चालवणारा स्वतःच जखमी असू शकतो. तेव्हा पेटी काढायची वेळ मागे बसलेल्यावर येईल, आणि ती कुठे आहे हे त्याला माहीत असायला हवे.